ग्रीकांची फाईल

नागपूरच्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, हृदयाच्या तीन नळ्या बंद होत आल्या आहेत, महिन्याच्या आत बायपास करून घ्या. मी पदर तोंडाला लावला. आमच्या ह्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "हे लेखी भेटन का?"

भेटलं. ते लेखी घेऊन आम्ही यवतमाळला परत आलो. गावाच्या लोहारा भागात आमचं छोटं घर आहे, पुढे ओसरी, मागे लिंबाचं एक झाड. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर हे ओसरीत टेबल मांडून एक कोरी फाईल उघडून बसलेले. वर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'विषय : मरणाची भीती. तपासून निर्णय घेणेबाबत.'

हे तहसील कचेरीत अव्वल कारकून होते, म्हणजे लोकांच्या भाषेत बडेबाबू. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण बाबूपण अंगातून गेलेलं नाही. मी सरळ "मीठ संपलं" म्हणते, हे "मिठाबाबत काय स्थिती आहे?" असं विचारतात. त्यांचं नाव मी इथे घेणार नाही. अडतीस वर्षं नुसत्या 'अहो'वर भागलं, आता म्हातारपणी कशाला नवी सवय.

नोकरीत आपण एकही निर्णय घेतला नाही, याचा त्यांना फार अभिमान. बाबूने कागद तपासायचा, जुने दाखले शोधायचे, ज्याचा त्याचा अभिप्राय मागवायचा, खाली टिपणी लिहायची आणि 'आदेशार्थ सादर' म्हणून साहेबाच्या टेबलावर ठेवायची. सही साहेबाची. "माह्या हातून एकबी चूक नाही झाली," असं ते सांगतात. निर्णयच घेतला नाही तर चूक होणार कुठून, असं मी म्हणते, आणि त्या दिवशीपुरतं आमचं बोलणं तिथेच थांबतं.

घरातही तेच. सगळे निर्णय माझे आणि सगळे अभिप्राय त्यांचे. स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध फक्त सकाळच्या चहापुरता. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी तापाने पडले होते, तेव्हा त्यांनी चहा केला. ती तात्पुरती व्यवस्था मग कायमच झाली. मी उठायच्या आधी आलं किसलेला, साखर जरा जास्तच पडलेला चहा उशाशी येतो. चहा काही खास नसतो, पण मी कधी बोलले नाही.

तर ही फाईल. मी विचारलं, "हे काय चालून राह्यलं?"

"भेव घेऊन टेबलावर झोपणार नाही मी," ते म्हणाले. "अवं, आधी भीतीचा निकाल लागला पाहिजे. मग ऑपरेशन."

"आणि तोपर्यंत नळ्या थांबतीन का?"

"प्रकरण तपासाले वेळ लागते."

मला एवढंच हवं होतं, महिन्याच्या आत हा माणूस त्या टेबलावर आडवा झाला पाहिजे. फाटकापासून ओसरीपर्यंत वीस पावलं असतील, तेवढ्यात ते दोनदा थांबत होते. थांबले की लिंबाकडे पाहिल्यासारखं करायचे. जणू मला कळत नव्हतं.

दाखले शोधायला त्यांना माळ्यावरचं गाइड सापडलं. मुलीने कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं होतं, त्यात मार्क चांगले पडतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून. मार्क पडले नाहीत, मुलगी पुण्याला बँकेत लागली आणि गाइड आमच्याकडे राहिलं. कव्हर उंदराने खाल्लेलं. आत पहिल्याच भागात ग्रीक तत्त्वज्ञान. अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसं, म्हणजे सगळ्यात जुने दाखले. जुना दाखला सापडला की बाबूला देव भेटल्यासारखं होतं.

ग्रीक नावं त्यांच्या जिभेला वळेनात. म्हणून त्यांनी एकेकाला आवक क्रमांक दिला आणि ज्याच्या त्याच्या मतावरून ओळख ठेवली. त्यामुळे आजही मला एकाचंही नाव येत नाही, पण माणसं मात्र सगळी ओळखीची वाटतात, गल्लीतल्या लोकांसारखी.

आवक क्रमांक एक होते पाणीवाले. सगळं जग पाण्यापासून झालं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गावात हे मत नळ येतो त्या दिवशीच पटतं. मग नदीवाले. एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही म्हणे, कारण दुसऱ्यांदा पाणीही वेगळं असतं आणि उतरणारा माणूसही. हे ह्यांनी मोठ्याने वाचलं तेव्हा त्यांच्या कचेरीतले जुने शिपाई आलेले होते. हे गृहस्थ नेरकडच्या तांड्यावरचे. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. हे आता चार एकरांत कापूस आणि तूर काढतात आणि आठ-दहा दिवसांनी एस.टी.ने आमच्याकडे चक्कर मारतात.

ते म्हणाले, "बडेबाबू, आमच्या नाल्यात होळीनंतर एकदाबी उतरता येत नाही. तुमी दोनदाचं कायले घेऊन बसले?"

ह्यांनी फाईलमध्ये नोंद केली, 'स्थानिक परिस्थिती भिन्न.'

चौथ्या की पाचव्या दिवशी हे जेवायला बसले आणि वरणाची वाटी बाजूला सारली. विचारलं तर कळलं, एका ग्रीक पंथाचं म्हणणं असं की आत्मा मरत नाही, एका देहातून दुसऱ्या देहात जातो. म्हणजे मरण ही नुसती बदली. हे त्यांना फारच आवडलं. बदलीची भीती त्यांना कधीच नव्हती, दरवेळी ते ती रद्द करून आणायचे. पण त्याच पंथाचा दुसरा नियम होता, शेंगेतलं धान्य खायचं नाही. मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, तो नियम एकाच कुठल्यातरी शेंगेपुरता होता." पण नियम लावायचा तर सरसकट लावायचा, हा कचेरीचा शिरस्ता. तूर, हरभरा, मूग, उडीद, बरबटी, सगळं बंद.

म्हणजे वरण गेलं, झुणका गेला, डाळभाजी गेली, पाटोडीचा रस्सा गेला. मी पोळीचं पीठ तसंच परातीत टाकून बाहेर आले.

"तूर सोडून या जिल्ह्यात माणसानं खावं काय हो?" मी म्हटलं. "कापूस?"

दोन दिवस त्यांनी दह्याशी पोळी खाल्ली. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम लसणाची फोडणी देऊन झुणका केला आणि स्वयंपाकघराची खिडकी ओसरीच्या बाजूने उघडी ठेवली. आत्म्याच्या बदलीचं मत सव्वाबाराच्या सुमारास पडलं.

मग आले ओसरीवाले. हे लोक एका ओसरीत उभे राहून शिकवायचे, म्हणून ते नाव. त्यांचं सांगणं सरळ होतं. जे आपल्या हातात आहे तेवढंच आपण पाहावं, जे हातात नाही त्याचं सुखदुःख करू नये. वाचताना मलाही बरं वाटलं. पण लागू करायचं काम बाबूकडे होतं. वैशाखातली दुपार, लाइट गेलेली, आणि हे ओसरीत ताठ बसून घाम पुसत नव्हते. घाम येणं आपल्या हातात नाही म्हणे. मी म्हटलं, पुसणं तर आहे? त्यांनी विचार केला, मान हलवली आणि टॉवेल घेतला. ग्रीकांच्या गावाला यवतमाळसारखं ऊन नसणार, नाहीतर त्यांनी हे आत बसून शिकवलं असतं.

रांजणवाले गृहस्थ त्याहून भारी. सगळ्या वस्तू टाकून ते एका रांजणात राहायचे. कुणालातरी ओंजळीने पाणी पिताना पाहिलं तर हातातला प्यालाही फेकून दिला. ह्यांनी सुरुवात चपलांपासून केली. अनवाणी पायांनी लिंबापर्यंत गेले आणि तापलेल्या फरशीवरून जे नाचत परत आले, ते अडतीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या लग्नातही ते नाचले नव्हते. हसून हसून माझ्या पोटात दुखलं, आणि मग त्यांनी छातीवर हात ठेवून खांब धरला तेव्हा हसणं जागीच गेलं. पाणी दिलं, गोळी जिभेखाली ठेवली. दहा मिनिटांनी ते म्हणाले, "चपलांची गरज सिद्ध झाली." मला रडावं की लाटणं घ्यावं ते कळेना.

ज्यांना विषाचा प्याला प्यावा लागला ते प्रश्नवालेही फाईलमध्ये होते. ते कुणालाही बाजारात गाठून विचारायचे, धैर्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, आणि समोरच्याला आपल्याला काहीच ठाऊक नाही हे कबूल करायला लावायचे. मरणाबद्दल ते म्हणाले, ज्याची माहितीच नाही त्याला वाईट ठरवून घाबरणं म्हणजे शहाणपणाचं सोंग. हे ह्यांना पटलं. इथवर ठीक होतं. पण गाइडात पुढे त्यांच्या बायकोची गोष्ट होती, ती ह्यांनी मला वाचून दाखवली. बाई तापट होती, एकदा तिने चिडून नवऱ्याच्या डोक्यावर पाणी ओतलं.

"भांडं कोणतं होतं ते लिहिलं आहे का?" मी विचारलं.

त्यांनी गाइड मिटलं.

गुहावाले म्हणत, आपल्याला दिसतात त्या नुसत्या सावल्या, खऱ्या वस्तू वर कुठेतरी असतात. तेव्हा घरात आंबे आलेले होते आणि ह्यांना डॉक्टरांनी बंद केलेले. "हा आंबा खरा नाही," हे मला समजावून सांगत होते. मी म्हटलं, मग सावली मी खाते, तुम्ही वरच्याची वाट पाहा. मध्यममार्गवाले बिचारे समजूतदार होते. फार घाबरणारा भित्रा, मुळीच न घाबरणारा आडदांड, धैर्य दोघांच्या मधे. त्यांच्यावर ह्यांचा शेरा होता, 'भीती किती ठेवावी याचे परिमाण दिलेले नाही.'

सगळ्यात जवळ पोहोचले ते बागवाले. बागेत मित्रांसोबत बसावं, साधं खावं, मनाला त्रास करून घेऊ नये. मरण असतं तेव्हा आपण नसतो, आपण असतो तेव्हा मरण नसतं, मग भेट होतेच कुठे? हे वाचून ह्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला. मला वाटलं, सुटलो. बॅग काढायला मी माळ्याकडे गेले सुद्धा. येऊन पाहते तर लिंबाखाली बाज टाकून हे आणि शिपाईभाऊ बसलेले, मधे वर्तमानपत्रावर तर्रीपोहे. तर्री लालभडक, वर बोटभर तेल.

"हे साधं खाणं आहे?" मी म्हटलं.

शिपाईभाऊ उठून उभे राहिले. "वयनी, बडेबाबूनं सांगतलं का तत्त्वज्ञानात मंजूर आहे."

पोहे कुत्र्याला गेले. आनंदात समाधान मानणारं मत त्याच दिवशी फाईलमध्ये मागे पडलं.

आणि मग संशयवाले. खरी आग त्यांनी लावली. कुठल्याही गोष्टीची दुसरी बाजू तेवढीच खरी असू शकते, म्हणून ठाम मत देऊच नये, मग मन शांत होतं. मत न देणं हे तर ह्यांच्या आयुष्यभराचं काम! आपल्या धंद्याला इतकं जुनं शास्त्र आहे हे कळल्यावर ते हरखूनच गेले. नेमका तेव्हाच दवाखान्यातून फोन आला. पुढच्या सोमवारची तारीख देतो, येता का? मी कूलरमध्ये पाणी भरायला बादली घेऊन निघाले होते, म्हणून फोन ह्यांनी घेतला.

"येतो असं म्हणता येत नाही," हे म्हणाले. "येत नाही असंबी म्हणता येत नाही."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"दोन्हीकडं सारखंच वजन आहे न बापा."

पलीकडच्या मुलीने तारीख दुसऱ्या पेशंटला देऊन टाकली. हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं, मन शांत झालेल्या माणसाने सांगावं तसं. माझ्या हातात बादली होती. मी ती ओतली. सगळी नाही, निम्मी. निम्मी कूलरला लागणार होती.

ते भिजून तसेच खुर्चीत बसून राहिले. मी ओरडत होते, शेजारची बाई गच्चीवर आली तरी ओरडत होते. "अडतीस वर्षं सगळं मीच ठरवलं, एक एवढं तुम्ही ठरवा म्हटलं तर तुम्ही तारीख घालवली! मेलेल्या ग्रीकांना विचारता, मला एकदा तरी विचारलं का?" एवढं बोलून मी आत गेले आणि दार लावून रडले. रागाने नव्हे. मला भीती वाटत होती. माझ्या भीतीची फाईल कुणी उघडली नव्हती.

नंतर फाईलमध्ये पाहिलं तर त्या दिवशीची नोंद अशी होती, 'दुपारी पाणी ओतण्यात आले. भांडे : बादली.'

दवाखान्याला मी स्वतः फोन केला. हातापाया पडून बारा दिवसांनंतरची तारीख मिळवली. महिना त्यात संपत होता. शिपाईभाऊंना बोलावून घेतलं, म्हटलं आता तुम्हीच समजावा. ते आले, त्यांनी फाईल हातात घेऊन चाळली आणि शेवटचं पान उलटून पाहिलं.

"बडेबाबू, इतल्या लोकायचे अभिप्राय झाले. आता हे जाईन कोण्या साहेबाकडे?"

ह्यांनी चष्मा काढून पुसला.

"आमच्या तांड्यात म्हाताऱ्यायनं बसून बोलणं केलं, का शेवटी नायक सांगते आन उठतो आमी. तुमच्या या ग्रीकायमंधी नायक कोन आहे? सही कोनाची?"

फाईलला सक्षम अधिकारीच नाही, हे इतक्या वर्षांच्या बडेबाबूच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नव्या बाबूलाही पहिल्या दिवशी कळतं, सादर कुणाला करायचं ते.

शिपाईभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "या घरात साहेब कोन आहे, हे साऱ्या कचेरीले मालूम होतं," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता चप्पल घालून एस.टी.ला गेले.

निघायच्या दिवशी सकाळी चहाच्या कपासोबत उशाशी ती फाईल होती. लेस बांधलेली.

"सादर केली आहे," गाडी आल्यावर हे म्हणाले. "पाहून घे."

मी म्हटलं, "गाडी दारात उभी आहे. मी नाही वाचणार आता."

"मग तोंडी आदेश दे. सही मागाहून कर. कार्योत्तर मंजुरी म्हणतात तिले. काम आधी, सही नंतर. चालते तसं."

"चला," मी म्हटलं. हा माझा तोंडी आदेश.

ते उठले आणि गाडीत जाऊन बसले. एवढं सोपं होतं ते. महिनाभर मी ओरडत होते, आणि त्यांना एक शब्द हवा होता. रस्त्यात त्यांनी मला शेवटचा ग्रीक सांगितला, कासववाले. पुढे निघालेलं कासव वेगाने पळणाऱ्यालाही गाठता येत नाही, असं ते म्हणत. नागपूरला जायचं तर आधी अर्धं अंतर जावं लागतं, उरलेल्याचं पुन्हा अर्धं, त्याचं पुन्हा अर्धं, म्हणजे माणूस कधी पोहोचतच नाही. कळंब गेलं, वर्धा गेलं. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो थंड होता. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा ते हळूच म्हणाले, "कासववाले चुकले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. मुलगी पुण्याहून आली होती, ती औषधांच्या खिडकीवर रांगेत उभी होती. मी बाकावर एकटी. जपाची माळ आणली होती, पण हातात फाईल आली. मी पहिल्यापासून वाचली. पाणीवाले, नदीवाले, तूर, चपला, बादली, सगळं ओळीने. एका बाईने वळून पाहिलं, मी दवाखान्यात हसत होते म्हणून. मग शेवटचं पान आलं. अक्षर तेच, वळणदार, शाई थोडी पसरलेली.

'आवक क्र. १ ते १४ ची मते तपासली. मरणाऱ्याची सोय बहुतेकांनी केलेली दिसते. मात्र मागे राहणाऱ्या बाईचा सकाळचा चहा कोणी करावयाचा, याबाबत एकाही मतात तरतूद आढळून येत नाही. भीती त्याचीच आहे. सबब, विषयाचे शीर्षक सुरुवातीपासून चुकले असे वाटते. आदेशार्थ सादर.'

मी फाईल छातीशी धरून रडले. मुलगी धावत आली, तिला वाटलं आतून काही निरोप आला. मी मान हलवली आणि तिच्याकडून पेन मागून घेतला. त्या टिपणीखाली, साहेब लिहितात तशी डाव्या बाजूला, मी आयुष्यातली पहिली शासकीय ओळ लिहिली.

'चहाची व्यवस्था आहे तशीच चालू ठेवावी. मंजूर.'

खाली सही केली.

चार दिवसांनी त्यांना खोलीत आणलं. गालफडं बसलेली, आवाज विहिरीतून आल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, सगळं नीट झालं. आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी फाईल उघडून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली आणि त्यांना चष्मा लावला. त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं, ते मी पुसलं. मग त्यांचं बोट हळूहळू चादरीवरून वर आलं आणि माझ्या सहीखाली थांबलं.

"तारीख नाही टाकली तू," ते म्हणाले. "तारखेबिगर आदेश लागू होत नाही."

मी पेन काढला, बाहेर जाऊन नर्सला आजची तारीख विचारली आणि टाकली.